पाळीव जंतू

ता. ३ फेब्रुवारी

चि. ढब्बू यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. साठीला टेकलेला माणूस घरात काचेची टाकी आणतो, त्यात खडे घालतो, पाणी भरतो, पंप लावतो, आणि मासे? मासे नाहीतच! महिनाभर नुसतं पाणी बघत बसायचं म्हणे, कारण आधी आत ‘चांगले जंतू’ वाढायला हवेत आणि ते माशांची घाण खातात. अरे, तुझी बहीण ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. जंतू मारण्यात माझा जन्म गेला, आणि तू ते पाळणार! तुला बघून दुकानदाराच्या तोंडाला पाणी सुटलं असेल.

तुझी बायको गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय! दूध गॅसवर ठेवून विसरणारा तू, तू मुके जीव सांभाळणार? किती वेळा सांगितलं, घराला कुलूप घाल आणि माझ्याकडे ये. मागची खोली रिकामी आहे. चष्म्याची भिंगं घासायला दुकानं इकडेही आहेत.

चल, अट घालते. वर्षअखेरपर्यंत तुझे मासे जगले, तर हा विषय मी कायमचा सोडला. मेले, तर मुकाट्याने सामान बांधायचं. आहे कबूल?

लोभ आहे, पण तुझ्या वेडेपणावर नाही.
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कबूल. मासे घरी आल्यावरच उत्तर लिहायचं ठरवलं होतं, म्हणून उशीर. आता आलेत. त्यातली एक पट्ट्यापट्ट्यांची जाडी सगळ्यांना कोपऱ्यात दामटते, खाणं टाकलं की आधी स्वतः तपासते आणि मगच इतरांना जवळ येऊ देते. तिचं नाव मी ‘सिस्टर’ ठेवलंय. राग मानू नकोस. मानलास तरी नाव बदलणार नाही.

थट्टा पुरे. ताई, मला हे घर सोडायचं नाही. संध्याकाळी दार उघडलं की आतली शांतता अंगावर यायची. चपला न काढता मी परत बाहेर पडायचो. आता पंपाची बुडबुड ऐकू येते आणि कुणाला तरी भूक लागली असेल म्हणून मी आत जातो. तुझ्याकडे आलो तर तू मला उत्तम ठेवशील, ते माहीत आहे. पण मग मी नुसता तुझा ढब्बू उरेन. इथे मी अजून या घराचा माणूस आहे.

एकदा येऊन बघ तरी. आणि माया असू दे, वेडेपणासकट.
तुझा, ढब्बू

ता. ११ जुलै

चि. ढब्बू यास,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. चार दिवस तुझ्याकडे राहून डोळे निवले म्हणेन, असं वाटत असेल तर विसर. ते काय घर आहे? आणि ती टाकी! पंपाला जोडलेल्या डब्यातला स्पंज काढून बघितलास कधी? तपकिरी, बुळबुळीत, शी! आमच्या थिएटरमध्ये असलं काही सापडलं असतं तर मी वॉर्डबॉयला उभं सोललं असतं.

तू कामावर गेल्यावर काल मीच पदर खोचला. स्पंज उकळत्या पाण्यात घालून जंतुनाशकाने तीनदा पिळला, खडे घासले, सगळं पाणी फेकून नळाचं ताजं भरलं. तुझी ती जाडी बादलीत नुसती थयथयाट करत होती. आता कशी आरशासारखी दिसतेय टाकी! तू आलास तेव्हा मी स्टेशनवर होते, म्हणून कौतुक ऐकायचं राहिलं. लिहून कळव.

माझ्यावर लोभ नसला तरी साबणावर ठेव.
ताई

ता. १८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मासे मेले, सगळे. ‘सिस्टर’ परवापर्यंत तग धरून होती.

ती तपकिरी बुळबुळ म्हणजेच ते जंतू. महिनाभर रिकामी टाकी चालवून मी तेच वाढवले होते. पहिल्याच पत्रात तुला सगळं लिहिलं होतं, तू हसलीस. हात घालण्याआधी एकदा विचारायचंस. पण तू आयुष्यात कधी कुणाला विचारलं आहेस?

असो. मासे जगले तर, एवढंच ठरलं होतं. कुणाच्या हातून मेले ते अटीत नव्हतं. दुकानात सांगून टाकलंय, महिनाअखेर काम सोडून येतो. खोली झाडून ठेव, तुला ते छान जमतं.

ढब्बू

ता. २४ जुलै

चि. ढब्बू यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मला आधी काय झालं सांगू? आनंद झाला. उठले, मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, गादी उन्हात टाकली, तुझ्यासाठी नवी उशी आणली. अभ्रा चढवताना लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. तुझ्या घरातले सगळे जीव मारून ही बया गुणगुणतेय! मग मला माझीच शिसारी आली.

जंतूंचं मला खरंच पटलं नव्हतं. जाणूनबुजून नाही केलं रे. पण मासे मेले ते मला सोयीचं झालं, हे खरं आहे. तुझी काळजी, तुझी काळजी म्हणून मी किती डंका पिटला! खरं तर संध्याकाळी जेवायला समोर कुणी नसतं ते मलाच. सरळ बोलवायला जीभ रेटेना, म्हणून तुला नालायक ठरवत बसले.

तू येऊ नकोस. दुकानात जाऊन सांग की बहीण मूर्ख आहे. टाकी पुन्हा भर, महिनाभर बघत बस त्या पाण्याकडे. अट मीच मोडली, त्यामुळे ती संपली.

मला क्षमा कर असं म्हणणार नाही, तुला ती लगेच करायची खोड आहे. रागाव. हवा तितका रागाव. पण तुझ्या घरात राहून रागाव.

तुझी ताई