डाव्या हाताची गाडी

दतिया गेट, झाशी
१४ नोव्हेंबर २०२५, सकाळ

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद. सौ. विद्यालाही सांग.

भाऊबीजेचं पत्र यंदा तीन आठवडे उशिरा लिहिते आहे. तू रागावणार नाहीस, तुझं ते ठरलेलं दोन ओळींचं कार्ड येईल, "कुंकू-अक्षता पोचल्या, प्रकृती बरी." आम्हीही बरे आहोत. आप्पांना नव्वदावं लागलं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, पण जीभ शाबूत आहे. दूधवाल्याला काल म्हणाले, "भैया, आज दूध में पानी कम था, तबीयत तो ठीक है?"

माझी बातमी म्हणजे साठी बुद्धी नाठी. मी मोटारी बनवते. खऱ्या नव्हेत, मॉडेलच्या. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला मुग्धानं बंगळूरूहून एक खोकं पाठवलं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या आईचे हात रिकामे राहिले की जीभ चालते, असं लेकीचं म्हणणं. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. ते नेलकटरनं सोडवायचे, कडा घासायच्या, जोडायचे आणि मग रंग द्यायचा. पहिली गाडी इतकी वाकडी झाली की आप्पांनी चाचपून विचारलं, "ही बैलगाडी का?" आता कपाटावर सात उभ्या आहेत, सगळ्या जुन्या काळच्या.

रंग वाळेपर्यंत काही करायचं नसतं. मी गच्चीच्या दाराशी बसून राहते. ऊन सरकत सरकत टेबलावर येतं. गाडीच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावला की पलीकडची तुळशीची कुंडी रस्त्याकडेच्या मोठ्या झाडासारखी दिसते, आणि मी निघते. कुठे कुठे जाऊन येते, मुकुल. कुकरची शिट्टी झाली की परत येते. हसू नकोस.

आठवी गाडी मी स्वतः मागवली. चोपन्न सालची शेव्हरोले. दीड वीत लांब, मोठ्या मापाची.

हो, आपलीच. दिल्लीच्या कुठल्याशा वकिलातीतून निघून भंगारात चाललेली ती गाडी आप्पांनी उचलून आणली होती, आणि रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुटल्यावर सहा वर्षं तिच्याखाली झोपून काढली होती. आई म्हणायची, सवत परवडली, ती पेट्रोल तरी पीत नाही. महिनाभर आमचा रंगावरून वाद चालला. आप्पा म्हणतात मोरपंखी, मला आठवते फिकट आसमानी.

त्या खोक्यात दोन डॅशबोर्ड निघाले. एक डाव्या हाताच्या स्टेअरिंगचा, अमेरिकेत असतो तसा, आणि एक उजव्या हाताचा, आपल्याकडच्या गाड्यांसारखा. आपली गाडी डाव्या हाताची होती, हे मी विसरणं शक्यच नव्हतं. तरी मी उजवा उचलला. का, ते मला उचलतानाच कळत होतं. तो बसवला आणि वरून छत डकवून टाकलं. या कामाचा गोंद प्लास्टिक वितळवून दोन तुकडे एकजीव करतो, मग ते सुटत नाहीत. म्हटलं, चला, झालं.

रंगाआधीचा राखी हात मारून गाडी आप्पांच्या मांडीवर ठेवली. काचा लावायच्या होत्या. त्यांनी बॉनेटवरून, छतावरून हात फिरवला, खूश झाले. मग करंगळी खिडकीतून आत घातली आणि थांबले.

"चारू, ये गडबड है. स्टेअरिंग चुकीच्या बाजूला लावलंस. आपली डाव्या हाताची होती."

"हो आप्पा, चुकलं," मी म्हटलं. "दुरुस्त करते."

छत उकलायला दोन दिवस लागले. ब्लेडनं इंच इंच कापत गेले. छताचा एक खांब तुटला, माझं बोटही कापलं. ते दोन दिवस मी बरुआसागरच्या तलावावरच होते. तू तिथे होतास, तुला काय सांगायचं? तरी लिहिते, कारण आपण दोघांनी तो दिवस आजवर एकदाही शब्दांत आणलेला नाही.

फेब्रुवारी होता. आप्पा दुपारचे झोपले होते. तू सतरा वर्षांचा, मी वीस. खुंटीवरची चावी मी काढली. गाव मागे पडलं, पेरूच्या बागांचा वास आत आला. ते बॉनेट इतकं लांब की आपण गाडीतून जातोय असं वाटेचना, नुसतं तरंगतोय असं वाटत होतं. तलावाच्या बंधाऱ्यावर पेरूवाला बसला होता, त्याला तू उजव्या खिडकीतून हात केलास. मग म्हैस आडवी आली. मी स्टेअरिंग वळवलं आणि गाडी अगदी सावकाश, अदबीनं पाण्यात उतरली.

गाडी मी चालवत होते. हे वाक्य लिहायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आप्पा बसनं आले तेव्हा पाण्यावर नुसतं छत दिसत होतं. त्यांनी पेरूवाल्याला विचारलं, कौन चला रहा था? तो म्हणाला, "साहब, लड़का चला रहा था, बिटिया बगल में बैठी थी." त्यानं जन्मभर ड्रायव्हर उजवीकडेच पाहिलेला. खोटं बोलला नाही बिचारा. आप्पांनी सगळ्यांसमोर तुझ्या मुस्कटात मारली. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझा चष्मा तलावात गेला होता. तुला माझा चेहरा दिसतच नसेल, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले.

सहा आठवड्यांवर माझं लग्न होतं. मुलगी बापाची गाडी पळवते आणि तलावात घालते, हे ग्वाल्हेरच्या मंडळींना कळतं तर सोयरीक मोडली असती. कारण खरं होतं. पण लग्नानंतर तरी कुठे बोलले मी?

याच्या हाती काही देऊ नका, असं आप्पा उठता-बसता म्हणायला लागले. महिनाभरात तू नाशिकला अंबिकामावशीकडे गेलास. माझ्या लग्नाला आला नाहीस. आईच्या तेराव्याला आलास आणि धर्मशाळेत उतरलास. आप्पांनी तुझं नाव टाकलं. तुझा विषय निघाला तर "तो" म्हणायचे. मुग्धाच्या लग्नात मी पाहिलं, गाडी विद्या चालवते आणि तू शेजारी बसतोस. विद्या थट्टेनं म्हणाली, "यांनी एकदा एक गाडी बुडवलीय म्हणे, तेव्हापासून स्टेअरिंगला हात नाही." तू हसलास. बायकोलाही तू खरं सांगितलं नाहीस, मुकुल.

मंगळवारी डाव्या हाताचं स्टेअरिंग बसवून, छत तसंच उघडं ठेवून गाडी आप्पांना दिली. त्यांनी चाचपलं. "आता बरोबर," म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि बोट डाव्या सीटवर ठेवलं.

"आप्पा, त्या दिवशी मी इथे बसले होते."

बोट तिथेच राहिलं. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तरी ते हललं नाही.

"आणि तो?"

मी ते बोट उजवीकडे नेलं.

"म्हणजे पेरूवाल्यानं उजवीकडचा पाहिला," आप्पा म्हणाले. मी रडले, त्यांनी थांबवलं नाही. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत, परवा आणि काल दिवसभरही नाही.

आज सकाळी मी रंगाच्या दोन्ही बाटल्या काढल्या. झाकणाचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "काय करतेस?" म्हटलं, तुम्ही म्हणता तो मोरपंखीच देते.

"नको," ते म्हणाले. "मुकुलला विचार. गाडी रोज तो धुवायचा. त्या दिवशी मी त्याला काही विचारलंच नाही, चारू. पेरूवाल्याला विचारलं." मग म्हणाले, "पत्रात नको. येऊन सांगू दे."

चव्वेचाळीस वर्षांनी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं. म्हणून लगेच लिहायला बसले.

माझं चुकलं, मुकुल. तुझं घर माझ्या गप्प बसण्यानं गेलं. तू क्षमा कर असं म्हणायला मला तोंड नाही. एवढंच मागते की हे पत्र विद्याला मोठ्यानं वाचून दाखव. आणि ये. तू येईपर्यंत गाडी राखीच राहील, छतही डकवणार नाही. आप्पांनी ती उशाशी ठेवून घेतली आहे.

त्या दिवशी गाडी चालवणारी
तुझी ताई,
चारुता