धूपछाव पिल्लू

सोलापूर, १४ सप्टेंबर १९७४

कॉलेजात दाखवायला दोन घोयरे सरडे आणलेत, अक्कलकोटचा हिरवा आणि जेऊरचा तपकिरी. बायको लक्ष्मी माहेरची विणकर. म्हणते, "अहो, हिरवा ताणा, तपकिरी बाणा, पिल्लू धूपछाव निघेल की, दोन्ही रंगांत झळकणारं!" मी प्राणिशास्त्राचा मास्तर, ऐटीत सांगितलं, वेगळ्या जातींचा असा संकर होत नसतो.

संध्याकाळी दोघांना कढीपत्त्यावर सोडलं, तर रंग बदलून तपकिरीसुद्धा हिरवागार! म्हणजे जात एकच. इतकी वर्षं काय शिकवलं मी?

"मग होणार की पिल्लं!" लक्ष्मी हरखली.

आता नीट पाहिलं. दोघांच्याही टाचेला नराचा काटा नाही. दोन्ही माद्या. सांगावं का? तिनं तर पिल्लांसाठी टोपलीत धूपछाव खणाचा तुकडा अंथरलाय. उद्या सांगेन.

उद्या तरी कशाला?