पडद्यामागचा मुनीम

महाळुंगे, मंगळवार, २० मार्च १९५६

राजमान्य राजश्री आबाजी यांसी,

मारुतरावाचा सप्रेम नमस्कार. आपले गुडघे आता कसे आहेत? बैलजोडी आणि वहिनी खुशाल असतील. (क्रम चुकला, वहिनींना वाचून दाखवताना सुधारावा.) दोन कोसांवर राहून पत्र लिहितो, कारण चाकणला येऊन आपल्या ओट्यावर बसायला तोंड उरलेले नाही.

आपण चाकण-महाळुंग्याची माणसे! पुण्यात वर्षभर चाललेला चित्रपट आपल्या तंबूत येतो, तोवर एसटीतून उतरणाऱ्या दीडशहाण्यांनी त्याचा शेवट गावभर वाटलेला असतो. शिळी भाकरी, आणि तीही दुसऱ्याने चावलेली! हा अन्याय मी तीन सभांत मांडला आहे. पण ‘सातवे कुलूप’चा शेवट एकानेही फोडला नाही. तेव्हाच ओळखले, प्रकरण मोठे आहे. तरी पुणेकरांच्या कौतुकाला भुलायचे नाही, असे ठरवून गेल्या बुधवारी दुर्गेला घेऊन आपल्या माळावरच्या तंबूत गेलो.

आबाजी, मी थक्क झालो! शेठचा खून होतो, घरातल्या सहा जणांवर संशय जातो, आणि शेवटी फौजदार सांगतो की खुनी डावखुरा आहे. मग आठवते: मुनीम पहिल्याच प्रसंगात डाव्या हाताने दौत उचलतो, डाव्या हाताने कुलूप लावतो. सगळे आपल्या डोळ्यांदेखत! कादंबऱ्या मी गाडीभर वाचल्या आहेत. असे कथानक पाहिले नव्हते.

परतताना दुर्गा म्हणाली, “कसला मेला शिनेमा! सगळं घर डावखुरं, भटजीसुद्धा डाव्या हातानं तीर्थ देतो, आणि उजव्या हातानं काम करणाऱ्या एकट्या मुनीमाला फाशी?” मी हसलो. तिथेच थांबलो असतो तर! शनिवारी बाजारात कडुनिंबाखाली या चित्रपटावर तासभर बोललो आणि टाळ्यांच्या भरात गरजलो, “काही माणसे डोळे घरी ठेवून तंबूत जातात, आमच्या घरातही एक आहे!” दुर्गा समोर बायकांत बसली होती. तिथून ती थेट माहेरी, आपल्याकडे आली, हे आपण जाणताच.

पुरावा गोळा करायला रविवारी पुन्हा गेलो. मध्यंतरात चहाला बाहेर पडलो आणि परतताना भलतीच कनात उचलली. समोर बायका! (बायकांना पडद्यामागे बसवतात हे ठाऊक होते, तिथून काय दिसते, हे विचारायचे आम्हा पुरुषांपैकी कोणालाच सुचले नव्हते.) आमच्या शेजारच्या शालनबाई म्हणाल्या, “अवं मारुतराव, हितं कुठं घुसताय? बसा गप खाली, आता गरीब मुनीमाला धरत्यात!”

बसलो. पातळ पडद्याच्या मागून सारे आरशातल्यासारखे उलटे दिसत होते. फौजदार डाव्या हाताने लिहीत होता, शेठाणी डाव्या हाताने प्रसाद वाटत होती; आणि ‘डावखुरा’ म्हणून ज्याला ओढून नेत होते, तो एकटाच उजव्या हाताचा! साऱ्या घराने मिळून एका निर्दोष माणसाचा बळी दिला, आणि कथानकाचा एक टाका उसवला नाही. बायका हुंदके देत होत्या. मीही दिले. (पाट्यांवरची अक्षरेही उलटी होती, पण ते त्यांना कळावे कसे? स्त्रीशिक्षणावर मी अकरा व्याख्याने दिली, वर्ग एकही काढला नाही.)

तर निकाल ऐका. चित्रपट कीर्तीला पात्र आहे, दुप्पट पात्र आहे. पुढून तो चतुर आहे. मागून थोर आहे. थोर चित्रपट दुर्गेने पाहिला होता. रंगराव तंबूवाला येत्या सोमवारी मुक्काम हलवणार. माळ आपला आहे. त्याला बजावा: रविवारी बायका पुढे, पुरुष मागे! अर्ध्या गावाला उलटी बाजू दाखवायची आणि वर अडाणी म्हणायचे, हे यापुढे चालणार नाही!

आपला,
मारुतराव

ता. क. वरची मागणी रद्द समजावी. शालनबाईंना मोठ्या अभिमानाने सांगितली, तर म्हणाल्या, “नगं बाबा! पुढनं बघितलं तर त्यो खुनी निघंल. आमी हाय तिथं बऱ्या.”

आणखी ता. क. मुनीम निर्दोष आहे आणि डोळे घरी ठेवून गेलो होतो तो मी, हे शनिवारी त्याच कडुनिंबाखाली सांगणार आहे. तासभर. आपण एकच करा: “रविवारी पडद्यामागे तुझ्या शेजारी मारुतरावापुरती जागा धरशील का?” एवढे दुर्गेला विचारा. आजच विचारा.