कोणाच्या मनगटाला?

बोरिवली (पूर्व),
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. स्व. सहदेवमामास,
दिशाचा सा. न. वि. वि.

मामा, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे भांडण चाललंय. मेसेज पाठवला तर तो वनमालामामी वाचून दाखवते आणि तिला नको असलेलं गाळते. म्हणून आई म्हणाली, सरळ पत्र लिही. शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय, चुका झाल्या तर हसू नकोस.

नोकरीचं तुला कळलंच असेल. अंधेरीला ऑफिस आहे. खेळाच्या सामानाची परीक्षणं छापणारी इंग्रजी वेबसाइट आहे. बॅडमिंटनची रॅकेट, पळायचे बूट, असलं सगळं. मला वाटलं बॅडमिंटन मिळेल. पण गोल्फचं बघणारा निलेश नोव्हेंबरात नोकरी सोडून गेला आणि त्याचं टेबल मला मिळालं, टेबलाबरोबर गोल्फही. आतापर्यंत चार परीक्षणं लिहिली. गोल्फचं मैदान मी फक्त विमानातून पाहिलंय, तेही एकदाच.

आमच्या संपादक शर्मिष्ठा म्हणतात, कंपनीचं पत्रक वाच, बाहेरच्या दोन-तीन साइट वाच आणि आपल्या शब्दांत लिही. तसं जमतं. पण लिहून झालं की वाटतं, हे वाचणारा माणूस नक्की काय शोधत असेल? त्याला काय कळलं म्हणजे त्याचं समाधान होईल? तू एवढी वर्षं गोल्फवाल्यांच्या मागे चाललास, तुलाच ठाऊक असणार. सावकाश आणि सविस्तर सांग. मार्चअखेरपर्यंत मी प्रोबेशनवर आहे, त्यामुळे फार सावकाशही नको.

मामीला नमस्कार. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
दिशा


भटवाडी, घाटकोपर (प.),
ता. २० जानेवारी

चि. दिशास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीने आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, तिला वाटलं बँकेची नोटीस. मग तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, या वेळी काही गाळता आलं नाही.

प्रश्न बरा विचारलास गो. गिरणी बंद पडल्यावर मी कॅडी झालो. तीस वर्षं गोल्फच्या मैदानावर मेंबरांच्या पिशव्या खांद्यावर घेतल्या, नंतर सात वर्षं तिथल्याच दुकानात ग्रिपा बदलल्या, म्हणजे मुठीखालचं रबर. पण असं मला कोणी विचारलं नव्हतं. चेंडू मारायच्या दांड्याला इंग्रजीत क्लब म्हणतात, आम्ही स्टिक म्हणायचो, मीही तेच लिहितो.

दुकानात चार माणसं उभी असली की गिऱ्हाईक मोठ्याने विचारायचं, हिने चेंडू किती लांब जातो. बाकीचे निघून गेले की तोच माणूस हळू आवाजात दुसरंच विचारायचा. माझा चेंडू उजवीकडे पळतो, तो हिने थांबेल का. खांदा दुखतो, ही झेपेल का. आणि सगळ्यांत हळू विचारायचं ते हे, की माझ्या जुन्या स्टिकमध्ये खोट आहे की माझ्यात.

एक डॉक्टर मेंबर होते. नवी स्टिक आली की मला लांब मैदानात उभं करायचे आणि दहा चेंडू मारायचे. परत आलो की सगळ्यांत लांबचा कुठे पडला हे ते कधी विचारत नसत. सगळ्यांत वाईट तीन कुठे पडले, तेवढं सांग म्हणायचे. चांगला बसलेला फटका कुठल्याही स्टिकने चांगलाच जातो, वाईट फटक्याला ती किती सांभाळून घेते ते त्यांना हवं असायचं.

आणि एक बाई तीन महिन्यांनी मुद्दाम सांगायला आल्या होत्या, की मे महिन्यात घामाने ही ग्रिप साबणासारखी होते. बाहेरच्या देशातल्या लेखकाला आपला मे कुठून माहीत असणार?

आता माझा प्रश्न. त्या चार परीक्षणांतली कुठली स्टिक तू हातात धरलीस? तुझ्या पत्रात ते कुठे दिसलं नाही.

आईला जप. पत्राची सवय मोडू नकोस.

तुझा,
सहदेवमामा


बोरिवली,
रविवार, २ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
दिशाचा नमस्कार. वि. वि.

एकही नाही. हे उत्तर लिहायला दहा दिवस लागले.

तुझं पत्र वाचलं आणि मी झकास कामाला लागले होते. नव्या लेखात घामाचं घातलं, वाईट फटक्याचं घातलं, शर्मिष्ठाताईंनी पहिल्यांदा शाबासकी दिली. आणि परवा एक मेल आला. मुलुंडच्या जयंती करंदीकर म्हणून आहेत, वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त. आमच्या इंग्रजी लेखाला त्यांनी मराठीत लिहिलंय, माझं आडनाव बघून.

डिसेंबरात मी एका स्टिकबद्दल लिहिलं होतं, की ही इतकी मऊ लागते की मनगटाला कळतसुद्धा नाही. पत्रकात साधारण तसंच होतं, मी ते थोडं सजवलं. जयंतीबाईंचं उजवं मनगट पाच वर्षांपूर्वी मोडलं होतं. त्यांनी ते वाक्य वाचून स्टिक घेतली. तीन आठवड्यांत मनगट सुजलं आणि डॉक्टरांनी खेळ बंद केला. त्या रागावलेल्या नाहीत, यार, तेच जास्त लागलं. त्यांनी एवढंच विचारलंय, की आपण लिहिलंत मनगटाला कळत नाही, तर ते कोणाच्या मनगटाला? त्या माणसाचं वय काय, त्याला आधी काही दुखापत होती का? हे कळलं तर माझं कुठे चुकलं ते मला समजेल.

म्हणजे त्या चूक स्वतःत शोधतायत. तू लिहिलं होतंस ना, सगळ्यांत हळू विचारतात तो प्रश्न. तोच.

शर्मिष्ठाताई म्हणाल्या, आभाराचे दोन शब्द पाठव आणि विषय संपव. कंपनी आपल्याला दर महिन्याला नवं सामान पाठवते, त्यांना दुखवून चालणार नाही. मी अजून काहीच पाठवलेलं नाही. खरं लिहिलं तर माझी वाट लागेल. मी काय करू ते सांग, आणि मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

तुझी,
दिशा


घाटकोपर,
ता. ६ फेब्रुवारी

चि. दिशास,
मामाचे आशीर्वाद.

बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझ्याकडून झालेलं एक सांगतो. मामीलाही हे आज लिहितानाच कळलं.

दुकानात असताना एकदा ताठ दांडीच्या स्टिका येऊन पडल्या. ताठ दांडी तरुण आणि जोरकस हाताला ठीक, बाकीच्यांना हात झिणझिणतो. मालक म्हणाले, कोणी विचारलं तर सगळ्यांना चालते म्हणून सांग. एक मेंबर होते, साठीचे, मितभाषी. ते खरेदी करायच्या आधी माझ्याजवळ आले, कारण मी दर सोमवारी कॅडींच्या खेळात खेळायचो आणि सगळ्या स्टिका मारून बघायचो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, सहदेव, मला चालेल का. मी चालेल म्हणालो.

पुढच्या दिवाळीनंतर ते यायचे बंद झाले. कदाचित मुलाकडे गेले असतील, कदाचित गुडघे दुखत असतील. त्यांचा फोन नंबर दुकानाच्या वहीत होता. मी फोन केला नाही. काय उत्तर येईल ते मला नको होतं. बारा वर्षं झाली, त्यांचा हात अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो. तो बरा होता की दुखावला होता, ते मात्र मला माहीत नाही.

तुझ्या बाईंनी तर स्वतःहून विचारलंय. मुलुंड काही लांब नाही. मेल करू नकोस, त्यांच्या घरी जा आणि आहे ते सांग. नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

आणि ती स्टिक मला बघायची आहे. लवू म्हणून माझा जुना सोबती आहे, तो आता सरावाचं मैदान सांभाळतो. सोमवारी तिथे कोणी नसतं.

हिंमत धर. मामीने तुझ्यासाठी कुळथाची पिठी बांधून ठेवली आहे, ती न्यायला तरी ये.

सहदेवमामा


बोरिवली,
रविवार, २ मार्च

ती. स्व. मामास, मामीस,
दिशाचा साष्टांग नमस्कार.

पिठी संपली, दोन वेळेला.

मुलुंडला जाऊन आले. दार उघडल्यावर मी तिथेच, चपला काढायच्या आधी सांगून टाकलं, की ते कोणाच्याच मनगटाला नव्हतं, मी ती स्टिक पाहिलेलीही नाही. जयंतीबाई म्हणाल्या, म्हणजे माझी पकड चुकली नव्हती. दीड महिना त्या आरशासमोर लाटणं धरून पकड तपासत होत्या, मामा. मला कुठे बघावं कळेना. चहा दिला. मग त्यांनीच प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, पत्रकं कोण लिहितं, स्टिक ऑफिसात येते तर तिचं पुढे काय होतं. मी म्हटलं, कपाटात पडते. त्यांना याचं फार नवल वाटलं.

सोमवारी ऑफिसात शर्मिष्ठाताईंना सांगितलं, की मला दुरुस्ती छापायची आहे, माझ्या नावाने. त्या म्हणाल्या, कंपनीने तक्रार केली तर मी तुला वाचवणार नाही. मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. दुरुस्ती चारच ओळींची होती. हे परीक्षण स्टिक न हाताळता लिहिलं होतं, त्यातलं मनगटाचं वाक्य मागे घेत आहे, एका वाचक बाईंना त्याचा त्रास झाला, माफ करा.

कंपनीने सामान पाठवणं बंद केलं. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला स्क्रीनजवळ बोलावलं. त्या चार ओळींखाली त्रेसष्ट लोकांनी लिहिलं होतं. थोड्यांनी शिव्या दिल्या होत्या, बाकी सगळे प्रश्न. गुडघा बदललाय, कुठली घेऊ. उंची पाच फूट आहे, दांडी कापावी का. वडिलांच्या स्टिकने खेळतो, नवी घेतल्याने खरंच फरक पडेल का. ताईंनी सगळे वाचले आणि विचारलं, याची उत्तरं कोणाकडे आहेत. मी तुझं नाव सांगितलं. रागावू नकोस.

कपाटात सहा स्टिका आहेत. त्या घेऊन जायला परवानगी मिळाली आहे. तू मारशील ना? आणि जयंतीबाई विचारतायत, मनगट बरं झालं तर त्यांनी आलेलं चालेल का.

तुझ्या होकाराची वाट बघतेय.

दिशा


घाटकोपर,
ता. २९ एप्रिल

चि. दिशास,
मामा-मामीचे आशीर्वाद.

तुला काल ऑफिसातून निघता आलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतो. मार्चात मी एकट्याने मारलेल्या चेंडूंचा कागद तुझ्याकडे आहेच. हे जयंतीबाईंचं.

डॉक्टरांची परवानगी घेऊन त्या सकाळी साडेसातला आल्या. लवूने चटई काढून गवतावर जागा करून दिली, कारण चटईखाली सिमेंट असतं आणि फटका खाली लागला की सगळा हादरा मनगटात येतो. हे तुझ्या लेखात घाल, बऱ्याच जणांना माहीत नसतं. जी स्टिक त्यांना बाधली होती तिची दांडी ताठच निघाली. मी ती बाजूला ठेवली आणि तुझ्या सहांतली सगळ्यांत लवचीक दांडीची निवडली. तिला जरा जाड ग्रिप चढवून ठेवली होती, म्हणजे मूठ फार आवळावी लागत नाही.

पहिला चेंडू मारायला त्यांना बराच वेळ लागला. दोनदा स्टिक उचलली आणि खाली ठेवली. मला तेव्हा ते मितभाषी मेंबर आठवले. मी बाईंना म्हटलं, मला काही माहीत नाही, तुम्ही मारा आणि तुम्हीच मला सांगा. एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली.

मारला. सत्तर-पंचाहत्तर पावलं गेला, थोडा उजवीकडे. लांबी त्यांनी विचारली नाही. मनगट फिरवून बघितलं आणि पुढचा चेंडू ठेवला. मी प्रत्येक चेंडूला कागदावर खूण करत होतो. बारा झाले. तेरावा मारून त्यांनी स्टिक खाली ठेवली आणि मनगट दाबून बघितलं. लवू म्हणाला, बाई, सगळं छान चाललंय, अजून दोन मारा. त्या नाही म्हणाल्या. मग माझ्या कानाजवळ येऊन, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: बाराव्यापर्यंत काही नाही, तेराव्याला बारीकशी कळ, अंगठ्याच्या बाजूने. हे दिशाला छापायला सांगा. खाली माझं पूर्ण नाव, वय एकसष्ट, उजवं मनगट पूर्वी मोडलेलं.

पुढच्या सोमवारी त्या परत येणार आहेत. दहावर थांबायचं ठरलंय.

तब्येतीला जप आणि या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
सहदेवमामा