उंदरांचं रक्त

४ मार्च
धाकट्याला चोर म्हणाले! माझ्या भावाला! धान्याच्या गोदामात उंदरांना विष घालायचं काम तो इतकी वर्षं करतोय. हल्ली उंदीर मरत नाहीत. म्हणजे हा विष बाहेर विकतो आणि गोळ्यांत नुसतं पीठ मळतो — हा गोदामाच्या साहेबांचा शोध. त्याला घरी बसवलंय. चौकशी समितीपुढे त्याच्या बाजूनं मी बोलणार. आयुष्यभर उत्क्रांतीवर व्याख्यानं देत सभा गाजवल्या, हे गोदाम काय चीज!

६ मार्च
भावजय आली. "वन्सं, तुम्ही नुसतं सांगा, हा माणूस तसा नाही." नुसतं सांगून कोण ऐकतं? तिला कारण समजावलं. हे विष रक्त गोठू देत नाही, उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. पण एखाद्याचं शरीर जन्मतःच जरा निराळं असतं. विष खाऊनही त्याचं रक्त गोठतं. बाकीचे मेले, तो उरला. समोर गोदामभर धान्य! पिल्लं त्याची, नातवंडं त्याची. आता सगळे तसलेच.
"म्हणजे उंदीर शहाणे झाले?"
शहाणं कोणीच झालं नाही गं. मरणारे मेले, एवढंच.
"आणि हे त्या लोकांना पटेल?" डोळे पुसत गेली.

७ मार्च
धाकटा जेवत नाही. शेजारी विचारतात, रजा काढलीय का?

१० मार्च
समितीची पहिली बैठक. साहेब हसून म्हणाले, "लायक तोच टिकतो, ताई. तुमचंच शास्त्र ना? तुमचा भाऊ नाही टिकला." सगळे खिदळले. मी भडकले. लायकी! निसर्ग काय बक्षिसं वाटत बसलाय? हेच उंदीर विष नसलेल्या जागी नेऊन सोडा. याच रक्तापायी त्यांना के जीवनसत्त्व जास्त लागतं. खाण्यात ते कमी पडलं, की हेच आधी मरतील. जागा बदलली की लायकी बदलते, साहेब — तुमचीसुद्धा!
एकानं जांभई दिली. दुसरा म्हणाला, "ताई, उंदरांचं वकीलपत्र घेतलंत की काय?"
हेच वाक्य व्याख्यानात टाळ्या घेतं. इथे जांभई! मग पुरावा घ्या म्हटलं. सीलबंद विष तुम्हीच आणा. गोदामातले उंदीर एका पिंजऱ्यात, लांबच्या वस्तीतले दुसऱ्यात. किल्ल्या तुमच्याकडे. तयार झाले!

१९ मार्च
वस्तीतले सगळे मेले. गोदामातले ठणठणीत! जांभईवाला पिंजऱ्यापुढे उकिडवा बसून बघत होता.
मग मी बोलले. विषात खोट नाही, माणसात खोट नाही. हे विष तुमच्या गोदामात निकामी झालंय, उद्या दुप्पट घातलंत तरी वाचणारे वाचतील आणि त्यांचीच पैदास होईल! कोणी हसलं नाही. साहेब मान डोलावत होते. साहेब!
घसा पार बसलाय. बसू दे.

२१ मार्च
निर्दोष ठरला. साहेबांनी आम्हा दोघांना चहा पाजला. "ताई, तुम्ही डोळे उघडलेत. विष निकामी, मग विष घालायला माणूस कशाला ठेवू?" महिनाअखेर त्याची जागा रद्द.
बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "छान बोललीस, ताई." टोमणा नव्हता.