न दुखणारा फोड

हडपसर, मंगळवार, संध्याकाळ

नातीच्या, चिमीच्या गालावरचा फोड दुखत नव्हता, म्हणून मीही हळदीवर भागवलं. आज डॉक्टर म्हणाले, “आजी, वाळूमाशी चावून झालाय. तो दुखत नाही, हीच त्याची खूण. औषधाने बरा होईल. पण ती माशी शेणात, ओल्या भेगांत वाढते. घरी गाय आहे?”

पेपरात वाचलेला आजार, तोही दूरच्या गावांचा. इथे कधी आला?

गाय ह्यांच्या हातची. हे गेल्यापासून तिच्याशीच बोलते. शेजारच्या हमीदाबी म्हणाल्या, “विका काकू. काकांची आठवण काय गोठ्यात बांधलीय?”

उद्याच गाय बाजारात धाडते. पण चिमी उकाड्यामुळे रोज गोठ्यालगतच झोपायची. आत्ता तिची मान, दंड, पोटऱ्या चाचपल्या. ती गुदगुल्यांनी हसत होती. कानामागे लाल पुळी. दाबून पाहिली.

“दुखतं का गं?”

“नाही, आजी.”