चौथी कड

अण्णा,

गेल्या आठवड्यात ताडकळसच्या बाजारात तुमचा एक विद्यार्थी भेटला. तुमची उडती बाज मांडली की उत्तरेच्या कडेला हात वर करून उभा राहायचा तो, पाटलांच्या गल्लीतला. आता केस पांढरे, हातात वांग्यांची पिशवी. म्हणाला, "बाई, मास्तर गेले तवा तुमी पेपरात लिव्हलं होतं, ते कात्रण आजूक हाय माझ्याकडं. पण आमी तर आलतो की त्या दिवशी." मी "हो" म्हणाले. त्या दिवसाचं आणखी थोडं बोलून तो एसटीकडे गेला. मला काही वाटलं नाही. घरी येऊन चहा केला, तेव्हाही नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

सर्कशीत झुल्यावरून सुटलेला माणूस खालच्या जाळीत पडतो, उसळतो आणि उतरून जातो. सर्कशीत असताना तुम्ही उतरायचा नाहीत. तिथेच उसळत राहायचात, आणि झुल्यापेक्षा त्यालाच टाळ्या जास्त पडायच्या, असं तुम्ही सांगायचात. खांदा निखळल्यावर झुला सुटला, तुम्ही गावी येऊन शाळेत कवायत शिकवायला लागलात, पण ती जाळी डोक्यातून गेली नव्हती. गंगाखेडच्या वेल्डरकडून पाइपांची चौकट करून घेतली. "मास्तर, ये बाज है के गुलेल?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "दोनो." चौकटीत तंबूचं जाड कापड ताणलेलं, कडेने ट्रकच्या ट्यूबचे पट्टे. ते ओवताना माझी बोटं काळी व्हायची. ट्रॅम्पोलीन हा शब्द मी फार पुढे वाचला. आपल्याकडे ती मास्तरांची बाजच.

पहिले पंधरा दिवस तुम्ही कुणाला उडूच द्यायचा नाहीत, नुसतं गुडघे मोडून थांबायला शिकवायचात. आणि चारी कडांना चार माणसं उभी असल्याशिवाय बाजेवर पाय ठेवायचा नाही. झोक गेलेल्याला त्यांनी आत ढकलायचं. एकदा तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि मी एकटीच चढले. मागून आवाज, न चढवलेला: "उतर खाली, माय." मी सरळ जमिनीवर उडी मारली आणि गुडघ्यांवर कोसळले. इतकं उसळल्यावर जमीन मेल्यासारखी लागते. तुम्ही मला उठवलं नाही. "बसून उतरायचं. बाज परत देती, जमीन देत न्हाई."

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतली दोन घरं जाळली. आपलं राहिलं. दिवाळीनंतर शिक्षणाधिकारी बाज बघायला येणार होते. पसंत पडली तर जिल्ह्यातल्या आणखी शाळांत बसवायची आणि शिकवायला तुम्ही. कड धरायला गावातली दोन पोरं, आपल्या वस्तीतला एक आणि मी. सगळ्यांना घोर गावातल्या दोघांचा. आई म्हणाली, "ते कशाला येत्यात आता?" तुम्ही म्हणालात, "येतील." माझ्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

त्या दिवशी तुम्ही उडाला नाहीत. बाजारात भेटलेल्याने सांगितलं, "मी म्हणलं, मास्तर, तिघं बास की. तर म्हणले, कडा किती हायत?" साहेब अर्धा तास थांबून जीपमधून गेले. संध्याकाळी तुम्ही एकट्याने सगळे पट्टे सोडवले. घरी येऊन मला विचारलंत, "आईनं सोडलं न्हाई का?" मी मान डोलावली. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिने तो आळ शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवला. बाज परत मांडली गेली नाही. चौकटीवर दोडक्याचा वेल चढला.

तुम्ही गेलात तेव्हा मी परभणीत पेपरात होते. मजकूर सहाच्या आत द्यायचा होता, मी साडेपाचला दिला. त्यात एक वाक्य होतं: 'त्या काळच्या वातावरणामुळे कड धरायला गावातून कुणी आले नाही.' सगळ्यांना पटणारं वाक्य. वातावरण खरं होतं, जळालेली घरं खरी होती. कुणी काही विचारलं नाही.

मी आले होते, अण्णा. शाळेच्या फाटकापर्यंत. मैदानाभोवती अख्खं गाव बसलेलं. तीन महिन्यांपूर्वी आगी लागल्या तेव्हा यातलं कोण कुठे होतं, मला माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे दोन्ही हात वर करून उभं राहायचं होतं. तिघे आपापल्या कडेला होते, तुम्ही बाजेवर. तुम्ही फाटकाकडेच बघत होता. मी परत फिरले. तुम्हाला दिसले की नाही, मला माहीत नाही.

आमच्या पेपरात चूक झाली की आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती देतात. ही दुरुस्ती मी बाजारातून आल्यापासून तीनदा लिहिली. तिन्ही वेळा ती दोन ओळींत बसली. अजून दिलेली नाही.